अवसराचा मुलगा, भीमाचा बाप

इंद्रराज नावाचा एक राजा होता. त्याच्या वडिलांचे नाव अवसर आणि मुलाचे नाव भीम. झाली गोष्ट. कोकणच्या इतिहासात या राजाबद्दल जे नोंदलेले आहे, ते एवढेच. त्याने कुठली लढाई केली, कुठले गाव दान दिले, कुठले देऊळ बांधले, याची एकही ओळ नाही. नाणे नाही, शिलालेख नाही. बाप आणि मुलगा यांच्या मध्ये एक नाव, बस्स.

तरीही हा माणूस आपल्या या किनाऱ्याचा राजा होता. आरे आणि वारे या दोन गावांच्या मधल्या चढणीवर उभे राहिले, की समोर समुद्र असतो. मागे चढून वरच्या सड्यावर गेले, तर पाऊस सरल्यानंतरच्या एखाद्या स्वच्छ सकाळी पूर्वेला सह्याद्रीची निळी रेघ दिसते. इंद्रराजाच्या घराण्याने आपल्या राज्याची व्याख्या नेमकी अशीच केली होती: सह्य पर्वत आणि समुद्र यांच्यामधला मुलूख. हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपटात हे शब्द आहेत. आपण रोज त्या मुलखातून एस.टी.ने जातो-येतो, म्हणून या घराण्याची थोडी ओळख करून घ्यायला हरकत नाही.

मला ती नव्याने करून घ्यावी लागली, त्याला एक कारण घडले. मी शाळेत संस्कृत आणि इतिहास शिकवत असे. निवृत्त होऊन वाऱ्याला घरी राहते आहे. आमच्या भागातल्या एका मंडळाला स्मरणिका काढायची होती. ‘आपल्या भागाचा इतिहास’ या सदरात दोन पाने भरायची होती. मंडळी घरी आली. शिलाहार राजांबद्दल कुणीतरी कुठेतरी वाचले होते, त्यात इंद्रराज हे नाव त्यांना आवडले. नाव भारदस्त आहे, यात शंका नाही. मी म्हटले, ‘‘अहो, त्याच्याबद्दल काहीच माहिती नाही.’’ त्यावर त्यातला एक जण, माझाच जुना विद्यार्थी, म्हणाला, ‘‘बाई, मग उलट बरंच आहे. थोडं रंगवून लिहा. बघायला कोण येतोय!’’

आता ही गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण कोकणात ती सोडून देऊन चालत नाही. आपल्याकडे कुठलीही गुहा पांडवांनी एका रात्रीत खोदलेली असते. असे एखादे वाक्य स्मरणिकेत छापून आले, की पाच वर्षांनी दुसरी स्मरणिका ते उचलते, पुढे शाळेतली मुले प्रकल्पवहीत ते लिहितात आणि मग ‘छापील आधार’ तयार होतो. मी तीस-पस्तीस वर्षे अशा वह्या तपासल्या आहेत. म्हणून ठरवले, की या राजाबद्दल खरोखर काय सांगता येते, ते नीट बघायचे.

इंद्रराज आपल्याला कळतो तो मुख्यतः खारेपाटणच्या ताम्रपटातून. खारेपाटण म्हणजे मुंबई-गोवा रस्त्यावर राजापूर ओलांडल्यावर लागणारे, वाघोटन नदीकाठचे गाव. हीच नदी पुढे विजयदुर्गाजवळ समुद्राला मिळते. एके काळी तिच्यातून गलबते खारेपाटणपर्यंत येत. तिथे सापडलेले हे तांब्याचे पत्रे पहिल्यांदा वाचून छापले ते बाळशास्त्री जांभेकरांनी, मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात, १८४० च्या दशकाच्या आरंभी. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो. १८३२ साली मराठीतले पहिले वृत्तपत्र काढणारा माणूस जुनी लिपी लावून ताम्रपटही वाचत होता, हे मात्र फार जणांना ठाऊक नसते. त्यांचे गाव पोंभुर्ले, देवगड तालुक्यातले. पुढे पन्नासेक वर्षांनी कीलहॉर्न या जर्मन पंडिताने हा लेख पुन्हा शुद्ध करून छापला. हे कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत असत. आणि १९७७ साली वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे सगळे कोरीव लेख एका मोठ्या ग्रंथात एकत्र केले. मिराशीही देवगडकडचेच, कुवळ्याचे. आयुष्य गेले नागपूरला, पण आपल्या मुलखाचे राजे त्यांनी सोडले नाहीत.

ताम्रपटाची तारीख शके ९३०, कीलक संवत्सर, ज्येष्ठ पौर्णिमा. म्हणजे इ.स. १००८. तो देणारा राजा रट्टराज. त्याच्या वडिलांनी, म्हणजे तिसऱ्या अवसराने, अव्वेश्वर नावाचे शिवमंदिर बांधले होते. त्या देवळाच्या पूजेअर्चेसाठी रट्टराजाने मत्तमयूर परंपरेतल्या शैव आचार्यांना तीन गावे लावून दिली. शिवाय एक मोठी लक्षात राहण्यासारखी गोष्ट दिली, ती म्हणजे बंदरातल्या जकातीचा वाटा. परमुलखातून येणाऱ्या प्रत्येक नावेमागे सोन्याचा एक गद्याणक, आणि किनाऱ्यावरच्याच नावेमागे एक धरण, म्हणजे त्याहून लहान सोन्याचे नाणे. चेमूल्य आणि चंद्रपूर इथल्या नावांना मात्र सूट. चेमूल्य म्हणजे आपले चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातले चांदोर. विदर्भातल्या चंद्रपुराशी याचा काही संबंध नाही.

माझ्या मनात आले, ज्येष्ठाची पौर्णिमा म्हणजे आपल्याकडे होड्या वर ओढून झापांनी शाकारायची वेळ. मृगाचा पाऊस तोंडावर आलेला. म्हणजे हे दान कोरले गेले तेव्हा बंदर बंद व्हायला आले असणार आणि देवळाला नावांचे सोने मिळायला लागले असणार ते नारळी पौर्णिमेनंतर. किनाऱ्यावर राहणाऱ्याला असले हिशेब आपोआप सुचतात.

ताम्रपट म्हणजे एक प्रकारचे खरेदीखत किंवा बक्षीसपत्र, असे समजा. तांब्याचे जाड पत्रे, भोके पाडून कडीत ओवलेले. सुरुवातीला देवाचे स्तवन, मग दान देणाऱ्याचे घराणे, मग दानाचा तपशील, शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. घराण्याचा भाग बहुतेक श्लोकांत असतो, कारण तिथे शोभा हवी. तपशिलाचा भाग गद्यात, कारण तिथे वाद नको. आजचा वकीलही असाच मसुदा करतो. फक्त श्लोक गाळतो.

रट्टराजाने आधी आपल्या सम्राटांची वंशावळ दिली आहे. शिलाहार हे मांडलिक. त्यांचे मूळ धनी राष्ट्रकूट. पण ९७३ साली चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचे राज्य बुडवले. तेव्हा ताम्रपटात राष्ट्रकूटांची नावे शेवटपर्यंत दिली, मग तैलपाचे नाव आणि त्याच्या मागून आलेल्या सत्याश्रयाचे. धनी बदलला, हे कबूल केले. पण जुन्या धन्याची यादी काही टाकवली नाही. या राजाचे स्वतःचे नाव ‘रट्ट’, आणि रट्ट हे तर राष्ट्रकूटांचेच नाव. नव्या मालकाच्या राज्यात जुन्या मालकाच्या नावाने वावरायचे म्हणजे जरा अवघडच.

त्यानंतर येते त्याची स्वतःची वंशावळ. पहिला सणफुल्ल. त्याला राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेने सह्य आणि समुद्र यांच्यामधला मुलूख मिळाला. हा कृष्णराज म्हणजे ज्याच्या काळात वेरूळचे कैलास लेणे झाले तो. सणफुल्लाचा मुलगा धम्मियर, त्याने बलिपत्तन वसवले. हे बलिपत्तन कुठले, यावर विद्वानांत वाद आहेत. मिराशींचा कौल खारेपाटणकडे होता. मग ऐयपराज. याने चंद्रपुरावर विजय मिळवला आणि तिथे त्याला नारळाच्या पाण्याने स्नान घातले! गंगेचे नाही, गोदेचे नाही, शहाळ्याचे पाणी. हा एक तपशील वाचला, की राजा एकदम कोकणी वाटायला लागतो. पुढे पहिला अवसर. मग आदित्यवर्मा आणि त्याचा मुलगा दुसरा अवसर. या बापलेकांच्या काळात चंद्रपूर आणि चेमूल्य इथल्या राजांना मदत गेली, म्हणजे चौलपासून गोव्यापर्यंत त्यांचे वजन होते. मग इंद्रराज. मग भीम, ज्याने राहूसारखे चंद्रमंडळ ग्रासले. ही कवीची कोटी आहे, चंद्रमंडळ म्हणजे चंद्रपूरचा मुलूख. मग तिसरा अवसर आणि शेवटी स्वतः रट्टराज. एकूण दहा.

आता या यादीत आमचा सातवा माणूस बघा. मागे दुसऱ्या अवसराची मदत, पुढे भीमाचा राहू. मध्ये इंद्रराज येतो आणि जातो. दरबारी कवीला कोटी करायला एक नारळ पुरला, एक ग्रहण पुरले. इंद्रराजासाठी असे काही हाती लागले नाही, किंवा लागले ते लिहिण्याजोगे वाटले नाही.

असे असूनही त्याचे नाव का ठेवले? याचे उत्तर मला पुस्तकात सापडायच्या आधी घरच्या पेटीत सापडले. आमच्या घराण्याची एक वंशावळ आहे. खोतीच्या तक्षिमेवरून भाऊबंदांत जो वाद झाला, त्यात दाखवायला ती कुणा पूर्वजाने मोडीत लिहवून घेतली होती. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, कागद राहिला. त्यात काही नावांपुढे खुलासे आहेत: अमका दत्तक गेला, तमका घाटावर गेला. काहींच्या पुढे नुसते ‘निपुत्रिक’ आणि तिथे रेघ संपते. आणि काही नावांपुढे काहीच नाही, फक्त खाली जाणारी रेघ. त्यांच्याबद्दल घरात एकही आठवण नाही. पण ती गाळता येत नाहीत, कारण हक्क त्यांच्या हातून खाली आला. मधली कडी काढली तर खालच्याचा दावा लोंबकळतो. तलाठ्याकडे वारस नोंद करायला गेलेल्या कुणालाही हे समजेल. तिथे आजोबा कर्तबगार होते की आळशी, हे कुणी विचारत नाही. ते कुणाचे मुलगे आणि कुणाचे बाप, एवढे सांगा म्हणतात.

रट्टराजालाही तेच हवे होते. सणफुल्लाला मिळालेला मुलूख आपल्यापर्यंत सरळ आला आहे, हे तांब्यावर दाखवायचे होते. नव्या चालुक्य धन्याच्या राज्यात तर जास्तच. इंद्रराज त्या साखळीतला सातवा दुवा.

असे दुवे जगात इतरत्रही आहेत. ब्रिटनमध्ये इंग्रज येण्याआधी जे लोक होते, त्यांच्या भाषेच्या लेकी म्हणजे वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन. या लोकांच्या लहानलहान राजांच्या वंशावळी सुमारे ११०० सालच्या एका हस्तलिखितात उतरलेल्या आहेत. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मूळ संकलन त्याच्या आधीचे, दहाव्या शतकातले, वेल्समधल्या ओवेन नावाच्या राजाच्या घराण्यासाठी केलेले. म्हणजे इकडे आपले इंद्रराज, भीम आणि तिसरा अवसर, आणि तिकडे हा ओवेन, हे साधारण एकाच शतकातले. त्या यादीत नुसती नावे आहेत आणि दोन नावांच्या मध्ये एकच शब्द, ‘माप’. जुन्या वेल्शमध्ये माप म्हणजे मुलगा. अमका माप तमका माप फलाणा, असे पानभर. ओवेनच्या वडिलांकडची रेघ वर नेत नेत कुमारी मेरीच्या नात्यातल्या एका बाईपर्यंत नेली आहे. हसू नका. आपले शिलाहारही स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत. नागाला वाचवण्यासाठी जो गरुडाच्या पुढ्यात शिळेवर आहार म्हणून बसला, तो जीमूतवाहन. शिला आणि आहार, म्हणून शिलाहार. वर गेलेली रेघ कुठेतरी देवाला किंवा संताला टेकवायची, ही पद्धत दोन्हीकडे सारखीच.

त्या ब्रिटिश यादीत उत्तरेकडचा एक राजा आहे, मास्ग्विक क्लॉप. त्याचा मुलगा लायनॉक, नातू ग्वाल्लॉक. हा नातू सॅक्सनांशी लढला, एवढे दुसऱ्या एका जुन्या ग्रंथात आहे. आजोबांबद्दल फक्त त्या ‘क्लॉप’ शब्दाची भर आहे. त्याचा अर्थ लंगडा. दीड हजार वर्षांनी एका राजाचे काय उरले, तर लंगडेपण! पण बघा, त्या एका शब्दाने तो माणूस झाला. चालताना कसा दिसत असेल, हे डोळ्यांपुढे येते. आमच्या इंद्रराजाच्या वाट्याला तेवढेही नाही.

मग त्याच्याबद्दल काहीच सांगता येत नाही का? थोडे येते. पण ते कुठल्या वाटेने येते, हे सांगितले पाहिजे.

पुस्तकांतले तक्ते बघितले, तर इंद्रराजाचा काळ ९२० ते ९४५ असा दिलेला आढळतो. हे आकडे वाचून वाटते, कुठेतरी नोंद असेल. नोंद नाही, हा भागाकार आहे. सणफुल्ल कृष्णराजाच्या वेळचा, म्हणजे सुमारे ७६५ पासून धरला. तिसऱ्या अवसराचा एक ताम्रपट सीमाभागात निपाणीजवळ पट्टणकुडीला मिळाला आहे, तो शके ९१० चा, म्हणजे ९८८. रट्टराजाचे १००८ आणि १०१० असे दोन. या घराण्याचे कागद, म्हणजे तांबे, एवढेच. दोन टोके बांधली आणि मधल्यांना सारखे वाटे दिले. तक्त्यात ऐयपराजापासून तिसऱ्या अवसरापर्यंत ओळीने सात राजे प्रत्येकी बरोबर २५ वर्षे राज्य करतात. असे कुठल्या घराण्यात होते? तुमच्या-आमच्या घरातही सात पिढ्यांची कर्ती वर्षे सारखी निघणार नाहीत. सरासरी म्हणून २५ वर्षे योग्यच आहेत, आणि सणफुल्लापासून रट्टराजापर्यंतचा हिशेब तिला छान बसतो. म्हणून यादी मोडकी नाही, मधले दुवे खरे आहेत, असा विश्वास ठेवायला जागा आहे. पण इंद्रराज ९२० साली गादीवर आला, असे मुलांना पाठ करायला लावले तर ते बरोबर नाही. दहाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातला, इतके म्हणावे.

दुसरी गोष्ट. दहा राजे आणि दहाही ओळीने बापाकडून मुलाकडे. हे जरा जास्तच सरळ आहे. शेजारचे उत्तर कोकणचे शिलाहार बघा, म्हणजे ठाण्याकडचे. त्यांच्यात झंझ राजानंतर त्याचा भाऊ गोग्गि आला. पुढे छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि हे तिघे सख्खे भाऊ एकामागून एक गादीवर बसले. अंबरनाथच्या देवळातल्या १०६० सालच्या लेखात ज्याचे नाव आहे, तोच हा मुम्मुणि. तेव्हा दक्षिणेकडे दहा पिढ्या एकाही भावाची पाळी आली नाही, हे शक्य असले तरी वंशावळ लिहिणाऱ्याला भाऊ गाळायची सवय असते, हेही लक्षात ठेवावे. ज्याच्यापासून रेघ खाली येत नाही, त्याच्यावर तांबे कोण खर्च करणार?

तिसरी गोष्ट नावाची. राष्ट्रकूटांत इंद्र नावाचे राजे झाले. तिसरा इंद्र ९१४ च्या सुमाराला गादीवर आला, म्हणजे जवळजवळ आमच्या इंद्रराजाच्याच वेळी. लगेच वाटते, धन्याचे नाव मुलाला ठेवले. पण जरा थांबून मोजा. आमचा इंद्रराज ९२० च्या आसपास राज्यावर आला असेल, तर त्याचे बारसे त्याआधी वीस-पंचवीस वर्षे तरी झालेले असणार. त्या वेळी राष्ट्रकूटांकडे राज्य दुसऱ्या कृष्णाचे होते आणि तिसरा इंद्र हा त्याचा नातू. दूरच्या मांडलिकाने सम्राटाच्या नातवाचे नाव बघून आपल्या मुलाचे नाव ठेवले असेल, हे जरा ओढून आणल्यासारखे वाटते. तेव्हा हा मुद्दा दिसायला छान आहे, पण मला तो पटत नाही.

नावांचीच आणखी एक गंमत आहे. पहिल्या अवसराच्या नातवाचे नाव अवसर. म्हणजे आजोबांचे नाव नातवाला, ही आपली आजची रीत तेव्हाही दिसते. त्या रीतीने इंद्रराजाच्या थोरल्या मुलाचे नाव काय असायला हवे? अवसर. पण राज्यावर आला भीम. मग अवसर नावाचा एक थोरला होता का? तो लहानपणीच गेला का? लढाईत पडला का? आणि भीमाने पुढे आपल्या मुलाचे नाव अवसर ठेवले, ते त्या भावाची आठवण म्हणून का? बघा, दोन मिनिटांत एक अख्खी कादंबरी तयार होते. मला स्वतःला ही कल्पना इतकी आवडली, की एक दुपार मी ती उगाळत बसले होते. पण तिच्याखाली पुरावा म्हणून काय आहे, तर फक्त एक रीत. आणि रीत तर आपण दर बारशाला मोडतो.

राजापेक्षा त्याच्या काळाबद्दल अधिक भरवशाने बोलता येते. अरब प्रवासी अल-मसुदी ९१६ च्या सुमाराला चौलला आला होता. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले, असे त्याने लिहिले आहे. तिथल्या राजाचे नाव त्याने दिले आहे, ते म्हणजे मघाचा झंझ. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला मिळालेल्या शके ८४८, म्हणजे ९२६ सालच्या ताम्रपटात तर संजाणचा कारभार मधुमति नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे होता, असे दिसते. मधुमति हे मुहंमदचे संस्कृत रूप. राष्ट्रकूटांनीच त्याला नेमले होते. म्हणजे इंद्रराजाच्या वेळी त्याच्या किनाऱ्यासमोरून जाणारी गलबते इराणच्या आखातापर्यंतची होती. त्याच्या पणतवाने परमुलखातल्या नावेमागे सोन्याचे नाणे देवळाला लावून दिले, ते उगीच नाही. हा व्यापार एका पिढीत उभा राहत नाही. तो मधल्या पिढ्यांनी सांभाळला असणार, आणि त्यात इंद्रराजाची पिढीही आली.

दक्षिणेला चांदोरकडे कदंबांचे लहान घराणे वर येत होते. इंद्रराजाच्या मुलाला त्यांच्यावर चाल करावी लागली. दुसऱ्या अवसराच्या वेळेपर्यंत चंद्रपूरकरांशी मैत्री आणि भीमाच्या वेळी वैर. म्हणजे हा पालट झाला तो इंद्रराजाच्या काळात किंवा त्याच्या लगेच पुढे-मागे. सगळ्यांत वजनदार असे काही या राजाबद्दल म्हणायचे असेल, तर मी हे म्हणेन: त्याच्या एका बाजूला मैत्री आहे आणि दुसऱ्या बाजूला युद्ध. बिघाड कशामुळे झाला, हे ताम्रपट सांगत नाही. पण ज्याचे काही घडले नाही असे आपण मानत होतो, त्याच्याच आसपास बरेच काही घडत होते.

घराणे पुढे फार टिकले नाही. चालुक्य जयसिंहाचा १०२४ सालचा मिरजेचा ताम्रपट आहे. सप्तकोकणच्या अधिपतींचे सर्वस्व हरण करून आपण आलो, असे तो त्यात सांगतो. रट्टराजाचे त्यानंतर नाव नाही. दान मोडणाऱ्याला ताम्रपटात घातलेले शाप जयसिंहाला बाधले नसावेत, तो पुढेही बरीच वर्षे राज्य करत होता. आपल्या जिल्ह्यात कशेळीला कनकादित्याच्या देवळाशी निगडित शिलाहार ताम्रपट आहे, शके १११३ चा. पण तो देणारा दुसरा भोज हा कोल्हापूरच्या शाखेचा. पुष्कळदा या तिन्ही शाखा एकत्र कालवल्या जातात, म्हणून मुद्दाम सांगितले.

मला आणखी एका गोष्टीचे नवल वाटते. आमच्या वरच्या सड्यांवर, उक्षीला, जांभरूणला, कातळात खोदलेली चित्रे आहेत. हत्ती, मासे, माणसे. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती कोरणाऱ्या एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही, पण त्यांनी काय केले ते आपण हात लावून बघू शकतो. आणि इथून थोडे दक्षिणेला एक राजा आहे, ज्याचे नाव आपल्याकडे तांब्यावर आहे आणि केलेले काहीच नाही. दोन्ही एकाच जांभ्याच्या मुलखातले.

स्मरणिकेसाठी मी शेवटी जे लिहून दिले, त्यात ताम्रपटाची माहिती होती, दहा नावे होती, नारळाच्या पाण्याचे स्नान होते आणि इंद्रराजाबद्दल दोन वाक्ये होती. माझा विद्यार्थी ते घेऊन गेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. ‘‘बाई, लेख झकास आहे, पण दोन पानांच्या जागी दीडच भरतंय. इंद्रराजाचा परिच्छेद जरा वाढवता आला असता तर...’’

मी म्हटले, ‘‘अरे, ताम्रपट कोरणाऱ्याला वाढवता आला नाही, तिथे मी काय वाढवणार?’’

तो हसला. लेख जसाच्या तसा छापला गेला. उरलेल्या अर्ध्या पानावर हापूसच्या एका बागायतदाराची जाहिरात आली. तीही वाचली मी. पत्ता, पेटीचा दर, सगळे नीट दिलेले होते.